कल्पनेचा दाखला

'कल्पना' हा शब्द वापरायला मराठी माणसाला कवी असावे लागत नाही. "तुम्ही आजारी होता याची मला कल्पनाच नव्हती हो." "उद्या पाणी येणार नाहीये, खालच्या काकूंना जरा कल्पना देऊन ठेव." "एकटीने तीन पोरं वाढवायची म्हणजे काय, तुला नाही त्याची कल्पना यायची." या तिन्ही वाक्यांत कल्पना म्हणजे माहिती, पूर्वसूचना, जाणीव. पाणी खरोखरच येणार नसते, काकूंना दिलेली 'कल्पना' ही पक्की बातमी असते. आणि हाच माणूस रात्री मालिका लावतो तेव्हा पडद्यावर पाटी येते की यातील सर्व पात्रे व घटना काल्पनिक आहेत. म्हणजे खोट्या आहेत, कोणी अंगाला लावून घेऊ नये.

ख्रिस्ती शिक्षणात कल्पनाशक्तीला जागा किती, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा या पाटीच्या बाजूने सुरू होते. मुलांना सत्य शिकवायचे की गोष्टी सांगायच्या? बायबलमध्ये नसलेले काही मनाने घातले तर चालेल का? शब्बाथ शाळेतल्या शिक्षकांना हे प्रश्न पडतात आणि ते पोकळ नाहीत. पण काकूंना दिलेल्या कल्पनेकडून निघालो, तर हीच चर्चा वेगळ्या ठिकाणी पोचते असे मला वाटते. त्यासाठी आधी धातूपर्यंत जावे लागेल.

'कल्पना'च्या मुळाशी संस्कृत 'क्लृप्' आहे. जुळणे, योग्य असणे, समर्थ होणे हा त्याचा अर्थ. आणि प्रयोजक रूपात जुळवणे, मांडणे, रचणे. हा धातू नसता तर वर्णमालेतल्या 'ऌ' या स्वराला संस्कृतात जवळजवळ काहीच काम उरले नसते. ऋच्या मागे तो तक्त्यावर उभा असतो आणि त्याच्यासाठी चित्र काय छापावे हे कोणालाच सुचत नाही. मराठीत तो एका शब्दात तग धरून आहे: क्लृप्ती. तो लिहिताना निम्मे लोक चुकतात, पण अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. हाताशी असलेल्या चार वस्तू अशा जुळवायच्या की अडलेले काम होऊन जावे. धातूचा मूळ स्वभाव इथे जितका स्वच्छ दिसतो तितका 'काल्पनिक'मध्ये दिसत नाही.

बाकीचे कुटुंबही कामसू आहे. संकल्प म्हणजे मनाची एका दिशेने केलेली जुळणी. राज्याचा 'अर्थसंकल्प' त्याच घरातला. विकल्प म्हणजे दुसरी शक्यता, आणि 'मनात विकल्प आला' म्हटले की संशय. प्रकल्प म्हणजे धरण, वीजकेंद्र, किंवा शाळेतली ती वही, जिच्यात दुकानातून आणलेली चित्रे चिकटवली जातात आणि कल्पना तेवढी नसते.

हा धातू फार वरच्या ठिकाणीही भेटतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एक लहानसे सूक्त आहे. संध्येत अघमर्षणासाठी ते म्हणतात. विधात्याने सूर्य-चंद्र, आकाश आणि पृथ्वी पूर्वीप्रमाणे निर्माण केली, असे त्यात सांगितले आहे, आणि त्यासाठी क्रियापद आहे 'अकल्पयत्'. आपण भाषांतरात 'निर्माण केले' म्हणून पुढे जातो. धातूला धरून वाचले तर अर्थ होतो: जिथल्या तिथे बसवले, नीट मांडले. सूर्याची 'कल्पना' केली याचा अर्थ सूर्य मनातल्या मनात पाहिला असा होत नाही. तो जागेवर लागला.

आता हिब्रूकडे वळू. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीपासून माणूस घडवतो, तिथे 'यात्सर' हे क्रियापद आहे. कुंभाराला हिब्रूत 'योत्सेर' म्हणतात, म्हणजे हे क्रियापद चाकाजवळचे, ओल्या हाताचे. चारच अध्याय पुढे, जलप्रलयाच्या आधी, देव माणसाच्या मनात डोकावतो आणि तिथल्या विचारांचा 'येत्सेर' सतत वाईटच आहे असे त्याला दिसते. शब्द तोच, नाम झालेला. ज्याला घडवले तो आता स्वतः घडवू लागला आहे, आणि घडवतो ते बिघडलेले आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरकारांनी या 'येत्सेर'साठी 'इमॅजिनेशन' हा शब्द घेतला. त्यांच्या बायबलमध्ये तो शब्द बहुतेक ठिकाणी दुष्ट, गर्विष्ठ किंवा पोकळ असाच येतो. कित्येक पिढ्यांनी तो तसाच वाचला. कल्पनाशक्तीबद्दल धर्मशिक्षणात जो एक आकस दिसतो, त्याची थोडी जबाबदारी या एका शब्दनिवडीवर टाकायला हरकत नाही.

ज्यू रब्बींनी मात्र येत्सेरला इतके सोपे फेटाळले नाही. उत्पत्तीवरच्या मिद्राशात त्यांनी म्हटले आहे की वाईट म्हटला जाणारा येत्सेरसुद्धा नसता, तर कोणी घर बांधले नसते, लग्न केले नसते, मुले झाली नसती, व्यापार चालला नसता. घरसंसाराच्या मुळाशीच त्यांनी तो नेऊन ठेवला. आपल्याकडची कल्पतरूखालच्या वाटसरूची गोष्ट इथे आठवते. त्याला पाणी हवेसे वाटले, पाणी आले. जेवण मनात आले, ताट आले. मग वाटले, इथे वाघ आला तर? वाघही आला. झाडाचा यात दोष काय?

इंग्रजी शब्दाची आणखी एक अडचण आहे. 'इमॅजिनेशन'च्या पोटात लॅटिन 'इमागो' आहे, म्हणजे प्रतिमा, आकृती. दहा आज्ञांत तर कोरीव मूर्ती करू नको अशी स्पष्ट आज्ञा. सोळाव्या शतकात युरोपातल्या ज्या मंडळींनी चर्चमधले पुतळे उतरवले, भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला, त्यांच्यातल्या काहींना पुढे मनातल्या चित्राचीही धास्ती वाटू लागली: डोळे मिटून देवाचे रूप उभे केले तर तीसुद्धा मूर्तीच ना? त्या शब्दाच्या घडणीतून हा प्रश्न सुचणे स्वाभाविक होते. मराठीत 'प्रतिमा' वेगळी, 'प्रतिभा' वेगळी, आणि 'कल्पना' त्या दोघींहून वेगळी. तिच्या मुळाशी चित्र नाही, मांडणी आहे.

ही गोष्ट कोणाला नेमकी कळली म्हणाल, तर एका जायबंदी सैनिकाला. १५२१ साली पाम्प्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस लोयोलाचा पाय मोडला. घरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला शूर सरदारांच्या प्रेमकथा वाचायच्या होत्या. वाड्यात तसे एकही पुस्तक नव्हते. होते ते ख्रिस्ताचे एक चरित्र आणि संतांच्या कथा. त्याने त्या वाचल्या, आणि सरदारांच्या कथांत स्वतःला जसे घालून पाहायचा तसे यांतही घालून पाहू लागला. पुढे त्याने आध्यात्मिक साधनेचे जे पुस्तक केले, त्याला १५४८मध्ये पोपची मान्यता मिळाली. प्रार्थनेच्या आरंभी काय करावे यासाठी त्याने स्पॅनिशमध्ये योजलेला शब्द 'कोम्पोसिसियोन' असा आहे, म्हणजे जागेची रचना, मांडणी. आमचा क्लृप्च म्हणायचा.

त्या पुस्तकात तो काय करायला सांगतो हे पाहण्यासारखे आहे. नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आण. तो किती लांब, किती रुंद, सपाट आहे की खोऱ्यांतून आणि टेकड्यांवरून जातो? जन्माची गुहा केवढी, ठेंगणी की उंच, आत काय काय ठेवले आहे? उत्तरे तो देत नाही. ती ज्याची त्याने भरायची. शिवाय त्या गुहेत स्वतःला एक गरीब, अपात्र नोकर म्हणून उभे करायचे आणि त्या कुटुंबाला काय हवे-नको ते पाहायचे. एखाद्या सर्वेक्षकाने किंवा घरगड्याने विचारावेत तसे हे प्रश्न आहेत. भाविक मनाची तरल अवस्था वगैरे काही तो मागत नाही. रस्ता मोज, म्हणतो.

या इग्नेशियसने उभारलेल्या धर्मसंघातला एक इंग्रज १५७९ साली गोव्यात उतरला. थॉमस स्टीफन्स. सासष्टीत, जिथली देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांत त्याचे पुढचे सारे आयुष्य गेले. धर्मशिक्षणाच्या वर्गाला पोर्तुगीजांनी 'दोत्रीना' म्हटले. गोव्यात त्याचे 'दोतोर्न' झाले आणि तो शब्द अजून वापरात आहे. त्या वर्गात प्रश्नोत्तरे पाठ करून घेत. स्टीफन्सने आपल्या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग घातला आहे. वर्गाच्या वेळी एक श्रोता त्याला विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचायला तसे काही द्याल की नाही?

हा प्रश्न म्हणजे त्या काळच्या धर्मशिक्षणावरचा अभिप्रायच आहे. माणसांची गोष्ट काढून घेतली आणि हातात नुसती प्रश्नोत्तरे ठेवली, तर ती पाठ होतात, पण त्यांत राहता येत नाही. स्टीफन्सचे उत्तर १६१६ साली रायतूर येथे छापले गेले: 'ख्रिस्तपुराण', अकरा हजारांच्या आसपास ओव्या, मराठीत, पण रोमन लिपीत. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. पाडलेल्या देवळांच्या गावात हा शब्द ऐकणाऱ्याला काय वाटले असेल? भाषांतरकाराची ती धिटाई होती आणि थोडी नाइलाजाची कबुलीही. ज्या शब्दाभोवती लोकांच्या मनात आधीच घर बांधलेले आहे, तो शब्द वगळून नवे घर त्याला एका रात्रीत बांधता आले नसते. त्याच ग्रंथात मराठीची जी प्रसिद्ध स्तुती आहे, तिच्यात फुलांत मोगरी, सुवासांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, तशी भाषांत मराठी, असे सांगताना वृक्षांतला कल्पतरूही त्याने घेतला आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पसायदानात त्याच झाडांची चालती बने मागितली होती. लँकेशायरचा की विल्टशायरचा, असा प्रश्न न पडावा इतका स्टीफन्स इथल्या शब्दांत मुरला होता. (विल्टशायरचा.)

स्टीफन्सच्या भोवतीचे पोर्तुगीज 'शब्द' या अर्थी 'पालाव्रा' म्हणत. या पालाव्राचे मूळ लॅटिन 'पाराबोला', त्याचे मूळ ग्रीक 'पाराबोले': एका वस्तूच्या शेजारी दुसरी टाकणे, तुलनेसाठी ठेवणे. येशूच्या बोधकथांना शुभवर्तमानकारांनी हाच शब्द वापरला. तो चर्चच्या लॅटिनमधून लोकांच्या तोंडी इतका बसला की कित्येक भाषांत साध्या बोलण्याला आणि शब्दालाच 'बोधकथा' असे नाव पडले; फ्रेंच 'पार्ले', म्हणजे बोलणे, तेसुद्धा तिथलेच. भूमितीतल्या पॅराबोलालाही तेच नाव आहे, पण त्याला आपण 'अन्वस्त' करून टाकले, त्यामुळे दहावीच्या मुलांचा हा आनंद गेला.

मराठी बायबलमध्ये या बोधकथेसाठी शब्द आहे 'दाखला'. पेरणाऱ्याचा दाखला, मोहरीच्या दाण्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. ख्रिस्ती घरात वाढलेल्याला यात काही वावगे वाटत नाही. बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांसमोर तहसील कार्यालयाची खिडकी येते: उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा आणि मेल्याचाही.

हा शब्द अरबी. मूळ धातूचा अर्थ आत शिरणे. दाखल होणे, दखल घेणे, पोलिसांचा दखलपात्र गुन्हा, सगळे त्याच दारातून आत आलेले. दाखला म्हणजे आधी नोंद. नोंद झाली म्हणून पुरावा. पुरावा म्हणून पुढे करता येते ते उदाहरण. 'उदाहरणादाखल' या शब्दात हा प्रवास अजून दिसतो. बऱ्याच जणांना 'दाखला' हा 'दाखवणे'वरून आला असे वाटते. 'दाखवणे' प्राकृत 'दक्ख'मधून, शेवटी 'दृश्' या धातूच्या घरातून येते, त्याचा अरबस्तानाशी संबंध नाही. व्युत्पत्ती म्हणून तो समज चुकीचा आहे, पण मराठी कानाला शब्द कसा लागतो ते त्यातून कळते. दाखल्यात काहीतरी दाखवले जाते असे लोकांनी धरूनच ठेवले आहे.

भाषांतरकारांपुढे 'दृष्टांत' हा तयार शब्द होता, मग तो का घेतला नाही? मराठीत त्याला केवढी जुनी परंपरा. चक्रधरांनी सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. हत्ती चाचपणारे आंधळे तिथे आहेत. माझा तर्क असा की तो शब्द दुसऱ्या कामात अडकला होता. 'देवीने दृष्टांत दिला' असे आपण म्हणतो तेव्हा स्वप्न किंवा दर्शन अभिप्रेत असते, आणि मराठी बायबलमध्येही 'दृष्टांत' हा शब्द त्याच अर्थाने आहे: पेत्राला छपरावर होतो तो दृष्टांत, पौलाला रात्री होतो तो दृष्टांत. मग पेरणारा आणि मोहरी यांच्यासाठी कचेरीतला शब्द उरला.

आणि तो उरला हे बरे झाले. दृष्टांत होतो, तो वरून येतो, आपण नुसते पाहायचे. दाखला द्यावा लागतो आणि घ्यावा लागतो. शंभर मेंढरांतले एक हरवले तर तुमच्यापैकी कोण नव्व्याण्णव सोडून त्याच्यामागे जाणार नाही, असे येशू विचारतो तेव्हा ऐकणाऱ्याला क्षणभर मेंढपाळ व्हावे लागते. मराठीत असल्या वाक्याची सुरुवात आपण 'समजा' अशी करतो. समजा, तुमच्याकडे शंभर मेंढरे आहेत. समजा, क्ष बरोबर पाच. गृहीत धरणे आणि उमगणे या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच क्रियापद आहे, आणि गणिताच्या शिक्षकांना त्यात कधी धोका दिसला नाही.

दाखल्याचा हा साधेपणा पंडिता रमाबाईंना पटला असता असे वाटते. आपल्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना कळेल असे बायबल हवे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, जड संस्कृत शब्द टाळत त्यांनी स्वतंत्र भाषांतर केले, आणि ते केडगावच्या छापखान्यात बायकांनीच छापले. संस्कृतात ज्यांची वाणी गाजली होती, 'पंडिता' ही पदवी ज्यांना त्यासाठी मिळाली होती, त्यांनी संस्कृत मुद्दाम बाजूला ठेवावे, हा त्यांच्या शब्दविचाराचा फार मोठा भाग आहे. त्या १९२२ मध्ये गेल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

गोष्टीची धास्ती मात्र मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या उगमापाशीही होती आणि गोष्टीची ओढही. जॉन बन्यनने बेडफर्डच्या तुरुंगात सुचलेली यात्रेकरूची कथा १६७८ मध्ये छापली तेव्हा प्रस्तावनेत त्याला खुलासा करावा लागला की धर्मग्रंथ स्वतःच रूपकांनी बोलतो, मग मी बोललो तर काय बिघडले. ती कथा हरि केशवजींनी १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणली. त्यानंतर सोळा वर्षांनी बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले, मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६चा, पुस्तक १८५७चे. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते, ऐकते. पुस्तक प्रचारकी आहे, पात्रे पुष्कळदा व्याख्यान देतात, आणि आज ते सलग वाचणे कष्टाचे आहे. पण त्याने काय केले ते पाहा. घराच्या मागच्या खोलीत केशवपन केलेली बाई राहते हे वाचकाला ठाऊकच होते. तिच्या दिवसाची त्याला कल्पना नव्हती. यमुना काल्पनिक होती म्हणून ती कल्पना देता आली.

रोजच्या ख्रिस्ती जीवनात कल्पनेचा सर्वात उघड दाखला नाताळात मिळतो. वसईत आणि गोव्यात मुले गोठा करतात: गवत, माती, कागदाचे डोंगर, नाचणीची रोपे उगवून केलेली हिरवी शेते. फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावात खराखुरा बैल, गाढव आणि वैरण आणून हा देखावा मांडला, तिथून ही रीत पसरली. लूकचे शुभवर्तमान उघडले तर त्यात बैल नाही, गाढव नाही, गोठाही नाही. आहे ती फक्त गव्हाणी. बैल आणि गाढव यशयाच्या पहिल्या अध्यायातून चालत आले. गव्हाणीच्या भोवतीचा गोठा लोकांनी बांधला. म्हणजे ग्रंथातला एक शब्द, आणि बाकी सगळी क्लृप्ती.

नाताळच्या नाटकात एक पात्र हमखास असते, दार उघडून "जागा नाही" म्हणणारा खानावळवाला. तो करायला मुले भांडतात. लूकमध्ये तोही नाही. तिथे एवढेच आहे की त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. मराठीत हा 'उतारशाळा' शब्द दोन ठिकाणी येतो: जन्माच्या कथेत आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात. ग्रीकमध्ये ते दोन वेगळे शब्द आहेत. दाखल्यातला आहे 'पांदोखेयोन', सगळ्यांना घेणारी धर्मशाळा. जन्मकथेतला 'काताल्युमा', त्याचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो. शेवटच्या भोजनाची खोली मागताना लूक तोच शब्द वापरतो. तेव्हा बेथलेहेमच्या त्या दारावर कदाचित नातेवाइकच उभे असतील आणि त्यांच्या घरी पाहुणे मावत नसतील. दुसरीकडे, दाखल्यात खराखुरा उतारशाळेचा रखवालदार आहे, आणि त्याच्यावर कोणी नाटक लिहीत नाही. एका परक्या माणसाने रक्तबंबाळ गिऱ्हाईक आणून टाकले, दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, हातावर ठेवली आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. त्याने विश्वास ठेवला का? शुश्रूषा केली का? लूक सांगत नाही. माझ्या मते शब्बाथ शाळेतला सर्वात चांगला तास इथे होईल.

येशूने हा दाखला सांगितला त्याचे कारण एक व्याख्येचा प्रश्न होता: माझा शेजारी कोण? शास्त्र्याला व्याख्या हवी होती. येशूने त्याला यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारा रस्ता दिला, अर्धमेला माणूस दिला, बाजूने निघून जाणारे दोन प्रतिष्ठित दिले, आणि शेवटी प्रश्न उलटा करून विचारला की या तिघांपैकी शेजारी कोण ठरला. ज्या शोमरोन्याचा त्या काळच्या यहुद्यांना तिटकारा होता, त्याच्याकडे बोट दाखवल्याशिवाय उत्तर देता येत नव्हते. 'शोमरोनी' हे नाव घेणेही शास्त्र्याला जड गेले. ज्याने दया केली तो, असे म्हणून त्याने सोडवून घेतले.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी डाव्या बाजूचे लोक बचाव काय करतात? आम्ही तुला भुकेला, उघडा, आजारी असा कधी पाहिला? बोली मराठीत सांगायचे तर: आम्हाला कल्पनाच नव्हती. गंमत अशी की उजव्या बाजूचे लोकही हेच विचारतात. देव समोर उभा आहे याची कल्पना कोणालाच नव्हती. एका बाजूला निदान समोरच्याच्या भुकेची कल्पना होती. हा वाद माहितीच्या कल्पनेचा की रचलेल्या कल्पनेचा, हे इथे वेगळे काढता येत नाही. दुसऱ्याची भूक आपल्या पोटात नसते, ती तिथे मांडावी लागते. म्हणून धर्मशिक्षणात कल्पनेला थोडी जागा द्यावी की नाही हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. ती वगळली तर शेजारी ही गोष्ट शिकवता येत नाही, उरतात ती पाठांतराची वचने.

शोमरोन्याचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-ए हे कलम आले. त्याच्या मथळ्यातच 'गुड समॅरिटन' हे शब्द आहेत. बक्षिसाची अपेक्षा न धरता, सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. पोलीस त्याला नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत. लूकच्या शोमरोन्यालाही नाव नव्हतेच. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी कल्पिलेला माणूस भारताच्या कायद्यात असा दाखल झाला आहे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हा दाखला शिकवून झाला की फळ्यावर कलमाचा आकडा लिहावा, आणि मुलांना एवढेच विचारावे की काल शाळेत येताना रस्त्यावर त्यांनी कोणाला पाहिले.